स्टार्टअपचे फाउंडर येतात कुठून आणि त्यांना पहिला चेक कोण देतं?

स्टार्टअपची ऑफर हातात आली की ज्युनिअर मला हमखास विचारतात, "फाउंडर आयआयटीचे आहेत, म्हणजे जॉइन व्हायला हरकत नाही ना?" डिग्रीवरून थोडंफार कळतं. पण माझ्या मते दोन प्रश्न जास्त कामाचे आहेत. फाउंडर आधी कुठे काम करत होते? आणि त्यांना पहिला चेक देणारा माणूस स्वतः आधी काय करत होता?

एंजल आणि व्हीसी

एंजल गुंतवणूकदार स्वतःच्या खिशातले पैसे घालतो. व्हेंचर कॅपिटल फर्म, म्हणजे व्हीसी, इतरांकडून गोळा केलेला फंड गुंतवते. कंपनी अगदी नवीन असताना बघायला नफा नसतो, कधीकधी ग्राहकही नसतात. मग पारख होते ती माणसांची, आणि तिथे ओळख मोठं काम करते.

गूगलचा पहिला चेक

1998 मध्ये अँडी बेख्टोलशाइम यांनी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांना 1 लाख डॉलरचा चेक दिला. तेव्हा गूगल नावाची कंपनी कागदावरही नव्हती! बेख्टोलशाइम हे 1982 मध्ये सुरू झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक. त्यांची गाठ घालून दिली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांनी. या दोघांनी मिळून काढलेली ग्रॅनाइट सिस्टिम्स 1996 मध्येच सिस्कोने विकत घेतली होती. म्हणजे चेक देणारेही आधी फाउंडरच होते.

हीच साखळी पुढेही दिसते. ईबेने 2002 मध्ये पेपाल घेतलं. तिथले सहसंस्थापक पीटर थील यांनी 2004 मध्ये फेसबुकमध्ये 5 लाख डॉलर घातले. यूट्यूबचे तिन्ही संस्थापकही पेपालमध्येच काम केलेले होते.

आपल्याकडची साखळी

सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल दोघंही आयआयटी दिल्लीचे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण 2007 मध्ये बंगळुरूत फ्लिपकार्ट सुरू करण्याआधी दोघं अ‍ॅमेझॉनमध्ये काम करत होते, हे विसरलं जातं. पुढे 2014 मध्ये याच दोघांनी एथर एनर्जीत सुरुवातीचे पैसे घातले. फोनपे सुरू करणारे समीर निगम आणि राहुल चारीही आधी फ्लिपकार्टमध्येच होते.

कॉलेज सोडलेला विशीतला मुलगा?

झुकरबर्गची गोष्ट खरी आहे, पण ती अपवादाची आहे. अमेरिकेतल्या नवीन कंपन्यांच्या एका मोठ्या अभ्यासात फाउंडरचं सरासरी वय सुमारे 42 निघालं. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, हजारातल्या एखाद्या कंपनीसाठी ते 45 होतं. मला यात आश्चर्य वाटत नाही. ग्राहक नेमका कुठे अडतो, हे त्या क्षेत्रात काही वर्षं घासल्याशिवाय कळत नाही.

ओळखच नसेल तर?

ही साखळी बाहेरच्यांना जड जाते, हे मान्य करायलाच हवं. चांगली कल्पना असूनही योग्य माणसापर्यंत पोचता न आल्याने कितीतरी जण मागे राहतात. पण वाट एकच नाही. झिरोधाचे नितीन कामत यांच्याकडे आयआयटीचा शिक्का नव्हता. कॉल सेंटरमधली नोकरी आणि बरीच वर्षं स्वतः केलेलं ट्रेडिंग, ही त्यांची पार्श्वभूमी. 2010 मध्ये सुरू झालेली झिरोधा बाहेरच्या गुंतवणूकदारांशिवाय वाढली.

ऑफर घेण्याआधी एवढं तपासा

- फाउंडरनी याच क्षेत्रात आधी काम केलंय का?
- सहसंस्थापक एकमेकांना किती वर्षं ओळखतात?
- पहिल्या गुंतवणूकदाराने कधी कंपनी चालवली आहे का?
- फाउंडरच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणी इथे आलंय का?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी त्यांच्याबरोबर आधी काम केलंय, ते पुन्हा यायला तयार असतील तर ती खूण डिग्रीपेक्षा भारी. कोणीच आलं नसेल, तर का ते मुलाखतीत सरळ विचारा. ईएसओपीच्या आशेवर पगार कमी घेणार असाल, तर एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.