आई आणि बाळाच्या रक्तगटातील विसंगती : धोका दुसऱ्या बाळाला, दक्षता पहिल्या गरोदरपणात

गर्भवती महिलेचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि तिच्या उदरातील बाळाचा आरएच पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे बाळाच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करू शकतात. या विकारामुळे एकेकाळी जगभरात असंख्य अर्भके जन्मापूर्वी वा जन्मानंतर काही दिवसांतच दगावत असत. भारतात आरएच निगेटिव्ह व्यक्तींचे प्रमाण साधारण ५ टक्के, तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १५ टक्के आहे. आपल्याकडील टक्केवारी लहान दिसत असली, तरी दरवर्षी होणाऱ्या प्रसूतींची संख्या पाहता अशा मातांचा आकडा लाखांत जातो.

या विकाराचे मूळ १९३९ साली उजेडात आले. न्यूयॉर्कमध्ये मृत बाळाला जन्म देणाऱ्या एका महिलेला प्रसूतीनंतर पतीचे रक्त देण्यात आले. दोघांचाही गट ‘ओ’ असताना तिला तीव्र प्रतिक्रिया आली. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी तिचा रक्तद्रव तपासला, तेव्हा गट जुळणाऱ्या १०४ नमुन्यांपैकी ८० नमुन्यांतील रक्तपेशींच्या त्याने गुठळ्या केल्या. बाळाला वडिलांकडून मिळालेल्या आणि आईकडे नसलेल्या एखाद्या घटकाविरुद्ध तिच्या शरीराने प्रतिपिंडे बनवली असावीत, असा तर्क त्यांनी मांडला. १९४० मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस माकडांच्या रक्तावरील प्रयोगांतून ‘आरएच’ घटकाची माहिती प्रसिद्ध केली. या घटकातील ‘डी’ हे प्रथिन ज्यांच्या रक्तपेशींवर असते ते पॉझिटिव्ह, नसते ते निगेटिव्ह.

पहिले बाळ बहुधा सुखरूप का?

गरोदरपणात आई आणि बाळ यांचे रक्त परस्परांत मिसळत नाही. मध्ये वारेचा पडदा असतो. तथापि प्रसूतीच्या वेळी वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तप्रवाहात शिरते. एक मिलीलिटरहूनही कमी रक्त यासाठी पुरेसे ठरू शकते. आईचे शरीर या परक्या पेशी ओळखते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. तोवर पहिले बाळ जन्माला आलेले असते, म्हणून ते सहसा बचावते. शिवाय सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे आकाराने मोठी असतात व वार ओलांडू शकत नाहीत.

पुढच्या गरोदरपणात चित्र बदलते. आईच्या शरीराला ‘डी’ प्रथिनाची ओळख पटलेली असते. या वेळी आकाराने लहान प्रतिपिंडे वेगाने आणि मोठ्या प्रमाणात तयार होतात, वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या रक्तपेशी फोडू लागतात. बाळ फिकट पडते, त्याचे यकृत व प्लीहा वाढतात. रक्तक्षय फार वाढल्यास सर्वांगावर सूज येऊन ते गर्भातच दगावते. साधारणपणे प्रत्येक पुढच्या पॉझिटिव्ह बाळात विकाराची तीव्रता वाढत जाते. पहिले मूल निरोगी आणि नंतरची बाळंतपणे एकामागून एक वाया, असा हा क्रम असल्याने त्याचा दोष आजवर अनेक ठिकाणी सुनेच्या माथी मारला गेला आहे. वास्तविक ‘डी’ प्रथिन बाळाकडे येते ते वडिलांकडून, आणि त्यातही दोष कोणाचाच नसतो. वडीलही निगेटिव्ह असतील तर बाळ निगेटिव्हच असते व हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रतिबंधाची युक्ती

प्रतिबंधाचा मार्ग निसर्गानेच सुचवला. आईचा गट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ किंवा ‘बी’ असेल, तर आरएच विकार कमी वेळा होतो, हे लेव्हिन यांच्या १९४० च्या दशकातच लक्षात आले होते. ‘ओ’ गटाच्या आईच्या रक्तातील नैसर्गिक प्रतिपिंडे बाळाच्या शिरलेल्या पेशी लगोलग नष्ट करतात आणि ‘डी’ प्रथिनाची दखल घेतली जाण्यास अवधीच उरत नाही. मग हेच काम बाहेरून दिलेल्या तयार प्रतिपिंडांकडून का करून घेऊ नये? लिव्हरपूल येथे सिरिल क्लार्क व रोनाल्ड फिन यांनी, तर न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक यांनी स्वतंत्रपणे या दिशेने काम केले. क्लार्क हे वैद्यकाबरोबरच फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे अभ्यासक होते आणि रक्तगटांकडे ते त्याच वाटेने वळले. अमेरिकन गटाच्या आरंभीच्या चाचण्या सिंग सिंग तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर झाल्या. १९६८ मध्ये ‘अँटी-डी’ इंजेक्शन अमेरिकेत वापरासाठी मंजूर झाले.

परिणाम आकड्यांतून स्पष्ट होतो. आई-बाळाचे ए-बी-ओ गट जुळणारे आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असल्यास, इंजेक्शनविना सुमारे १६ टक्के मातांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. प्रसूतीनंतर इंजेक्शन दिल्यास हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास वा त्याखाली येते. गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यात आणखी एक मात्रा दिल्यास ते हजारी दोन-तीनपर्यंत घटते.

प्रसूतीनंतर बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावे लागते. नेहमीची ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा बाळाच्या सुमारे ३० मिलीलिटर रक्ताला पुरते. अधिक रक्त मिसळल्याची शंका असल्यास ते मोजून मात्रा वाढवतात. ७२ तास उलटले म्हणून विषय सोडून देऊ नये. दहा दिवसांपर्यंतही काही प्रमाणात लाभ होऊ शकतो. मात्र शरीरात प्रतिपिंडे एकदा तयार झाली की हे इंजेक्शन निरुपयोगी ठरते.

सर्वाधिक चूक होते ती येथेच. बाळंतपणानंतरचे इंजेक्शन रुग्णालयात सहसा विसरले जात नाही. परंतु गर्भपात, गर्भनलिकेतील गर्भधारणा, गरोदरपणातील रक्तस्राव, पोटावर बसलेला मार किंवा गर्भजलाची तपासणी, यांतही बाळाचे रक्त आईच्या रक्तात जाऊ शकते. घरीच गोळ्या घेऊन केलेला किंवा कोणाला न सांगितलेला गर्भपात कोणत्याही नोंदीत येत नाही आणि त्या वेळी रक्तगटही पाहिला जात नाही. पुढे ‘पहिलेच’ म्हणून नोंदवलेले गरोदरपण प्रत्यक्षात दुसरे असते. म्हणून अशा प्रसंगांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

हे औषध मूलतः ज्यांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत अशा दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी २०१८ पर्यंत ११७३ वेळा रक्तद्रव दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतात प्रयोगशाळेत पेशींपासून तयार केलेले अँटी-डी देखील उपलब्ध आहे.

प्रतिपिंडे आधीच असतील तर

आरएच निगेटिव्ह महिलेची गरोदरपणात अप्रत्यक्ष कूम्ब्स चाचणी करतात. तीवरून रक्तात प्रतिपिंडे आहेत का, हे कळते. असल्यास त्यांचे प्रमाण वरचेवर मोजतात आणि डॉप्लर सोनोग्राफीने बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतील प्रवाहाचा वेग पाहतात. रक्तक्षय झालेल्या बाळाचे रक्त पातळ असल्याने अधिक वेगाने वाहते. गरज पडल्यास गर्भाशयातच बाळाला रक्त देता येते. १९६३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे विल्यम लायली यांनी हा उपचार प्रथम यशस्वी केला. त्यांनी रक्त बाळाच्या पोटाच्या पोकळीत सोडले होते. आता ते सोनोग्राफीत पाहून नाळेतील शिरेत देतात.

जन्मानंतर धोका कावीळीचा. फुटलेल्या रक्तपेशींतून निघणारे बिलिरुबिन गर्भात असताना वारेवाटे आई निचरून टाकत असते. जन्मताच तो मार्ग बंद होतो. ते मेंदूत साचल्यास बहिरेपण वा कायमचे अपंगत्व येऊ शकते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ नेहमीच्या कावीळीसारखी मानू नये. बाळाला कोवळ्या उन्हात धरून वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. निळ्या प्रकाशाखालील उपचार आणि गरजेनुसार रक्तबदल हे उपाय रुग्णालयातच होतात. आईचे दूध बंद करण्याचे कारण नाही.

‘ओ’ गटाच्या आईला ‘ए’ वा ‘बी’ गटाचे बाळ असतानाही कावीळ होऊ शकते, आणि ती पहिल्या बाळातही दिसते. हा प्रकार बहुधा सौम्य असतो. त्यासाठी अँटी-डीचा उपयोग नाही. पती-पत्नीचा रक्तगट एकच असल्यास अपत्याला धोका असतो, हा लग्न जुळवताना ऐकू येणारा समज मात्र निराधार आहे. निगेटिव्ह रक्तगटाच्या मुलीचे स्थळ त्या कारणाने नाकारण्यालाही वैद्यकीय आधार नाही.

रक्तगटाची तपासणी गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत होते आणि तिची नोंद माता व बाल संरक्षण कार्डावर करतात. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पहिल्या भेटीत रक्तगट पाहिला गेला नसेल, तर तो तेथे तपासून घेता येतो.