ताडपत्रीखालचं गाव

उजवा पाय पुढे टाका. पडला ना लाल धुळीत? झटकत बसू नका, इथे सगळ्यांचेच पाय असे आहेत. हे ब्राझीलमधलं काम्पो ग्रांदे शहर, साल १९९५.

समोर मोकळ्या जागेवर काळ्या ताडपत्रीची पालं उभी आहेत. वाका, आत या. तापलेल्या प्लास्टिकचा वास थेट घशात उतरतो, त्यात चुलीचा धूर. कुणीतरी तुमच्या हातावर उकडलेला मँडिओका ठेवतं. आपला साबुदाणा होतो तोच हा कंद. फुंकर घाला, जीभ पोळेल.

ही माणसं तेरेना या आदिवासी जमातीची. यांची गावं पश्चिमेला, मिरांदा आणि आकिदावानाच्या बाजूला. तिथल्या राखीव जमिनी इतक्या तुटपुंज्या की नातवंडं वाढली तरी शेत वाढत नाही. मग शहर गाठायचं. बाया दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करतात, पुरुष बांधकामावर जातात. काही जणी मंडईपाशी शेंगा आणि कंद मांडून बसतात. दिवसभर ही माणसं शहरात विखुरलेली असतात. गाव भरतं ते दिवेलागणीनंतर.

तेव्हा आता बैठकीला बसा. बैलाच्या शिंगाचा पेला फिरतोय, त्यात तेरेरे, म्हणजे माते नावाच्या पानांचं थंडगार पेय. धातूच्या नळीनं ओढा. कडू लागलं तरी संपवा आणि पेला ज्यानं भरला त्याच्याच हाती परत द्या. पोरं रडताहेत, कुत्री भुंकताहेत, तेरेना आणि पोर्तुगीज एकाच वाक्यात मिसळतंय. पाणी कुठून आणायचं? उद्या कचेरीत कोण जाणार? कुणी कॅथलिक, कुणी प्रोटेस्टंट, कुणी या गावचं, कुणी त्या. एकेकाचं ऐकून घेतल्याशिवाय काही ठरत नाही.

या वस्तीची कासिक, म्हणजे मुखिया, एक बाई आहे: एनीर बेझेर्रा दा सिल्वा. मला तिचं काम गावच्या मुखियापेक्षा कठीण वाटतं. गावात कासिकच्या पाठीशी जमीन असते, भाऊबंद असतात, म्हातारी माणसं असतात. इथे अधिकार रोज नव्यानं कमवावा लागतो. शिवाय खिडकीपलीकडचा साहेब विचारतोच, ‘शहरात राहता, मग आदिवासी कसले?’ आदिवासींचं खातं गावाकडे बोट दाखवतं, नगरपालिका त्या खात्याकडे. मधल्या मध्ये कागद हिंडतो आणि त्याच्यामागे कासिक.

तरी पुढे इथे पक्की घरं होणार आहेत. वस्तीला नाव मिळेल मार्साल द सोझा यांचं. ते तेरेना नव्हते, ग्वारानी होते. जमिनीसाठी बोलत राहिले आणि १९८३ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. दुसऱ्या जमातीच्या माणसाचं नाव आपल्या दारावर लावणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात. पण घरं झाली की नवी गाऱ्हाणी येतील: विजेचं बिल, शाळेत भाषा विसरत चाललेली पोरं, शहरात दुसरीकडे उभ्या राहणाऱ्या वस्त्या आणि त्यांचे वेगळे कासिक. सगळ्यांच्या वतीनं बोलायचं कुणी?

ते पुढचं पुढे. पहाट झालीय, हवेत चांगलाच गारठा आहे. अर्ज, ओळखपत्रं, सह्यांचे कागद पिशवीत भरून मंडळी बसकडे निघालीत. तुम्हीही चला, रांगेत एक माणूस जास्त असलेला बरा.