डुक्कर फियाटची वंशावळ

आमच्या घरात एक वाक्य साठ वर्षं जपलं गेलं: "आजोबांनी गाडी मुंबईहून नवीकोरी आणली." मुंजीत, बारशात, दिवाळीच्या फराळाला, कुठेही गाडीचा विषय निघाला की हे वाक्य यायचंच. वाईच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा गावात आणखी कुणाकडे गाडी होती, यावर वाद व्हायचे. पण ती नवीकोरी होती याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

गेल्या वर्षी काका गेले. त्यांना मूलबाळ नाही. तेराव्यानंतर काकूंनी गाडीची किल्ली आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. "तूच घेऊन जा बाबा. दारात उभी बघवत नाही, आणि भंगारात द्यायला हात धजत नाही." डब्यात विम्याच्या पावत्या होत्या, टॅक्सची गोल टोकनं होती आणि कापडी पाठीचं, कडा कुरतडलेलं आरसी बुक होतं. त्यात आजोबांचं नाव होतं, पण तिसरं.

गाडी फियाट ११००. इटलीत हे मॉडेल १९५३ साली निघालं आणि मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बांधलं जाऊ लागलं. गोलमटोल अंग, पुढे काढलेलं नाक आणि ठेंगणी ठेवण यामुळे लोकांनी तिचं नाव ठेवलं डुक्कर फियाट. हेटाळणी म्हणून नव्हे, लाडानेच. पुढच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, म्हणजे दार उलटं उघडतं. साडी नेसलेल्या बायकांना त्यातून उतरणं सोपं जायचं, असं काकू सांगतात. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर. इंजिन १०८९ सीसीचं. पुढे डिलाइट आली, १९७२ नंतर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, पण घरातली जुनी माणसं पद्मिनीलाही फियाटच म्हणत राहिली.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली वालचंद हिराचंदांनी, १९४४ साली. हा माणूस मूळचा सोलापूरचा. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही या देशात बांधायची हा त्यांचा ध्यास. कुर्ल्यात सुरुवातीला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या जात. फियाट आली १९५०च्या दशकात. त्याच सुमाराला नुसत्या गाड्या जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने सांगितलं, इथे बनवायच्या असतील तर बनवा, नाहीतर निघा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली. मागे उरल्या मोजून तीन घरच्या गाड्या: कलकत्त्याकडची अँबेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपली फियाट. गिऱ्हाईक हजारो, गाड्या मोजक्या. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, किंवा ज्याचा नंबर लागला त्याला वरचा 'ऑन' देऊन गाडी घ्यायची. म्हणूनच वापरलेल्या फियाटलाही तेव्हा मान होता. आज आपण सेकंडहँड म्हणताना नाक मुरडतो, तसं तेव्हा नव्हतं. मग आजोबांनी ही गोष्ट लपवली कशासाठी, हा प्रश्न मला आरसी बुक बघताक्षणी पडला.

आरसी बुकातल्या नोंदी वाचायला शिकावं लागतं. आताच्या स्मार्ट कार्डावर फक्त शेवटचा मालक असतो. मागचे सगळे पुसले गेलेले. जुन्या पुस्तकात मात्र प्रत्येक हस्तांतराची ओळ, शिक्का, सही आणि तारीख एकाखाली एक राहते, सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखी. आमच्या पुस्तकातली पहिली नोंद १९५७ ची, निळ्याकाळ्या शाईत, फोर्टातल्या एका पेढीच्या नावे. रंग: काळा. नंबर 'बीएम'ने सुरू होणारा. मुंबई इलाख्याच्या दिवसांतली अक्षरं. दुसरी नोंद मार्च १९६० ची. मालक एक गृहस्थ, पत्ता पुणे, नारायण पेठ. तिसरी फेब्रुवारी १९६२ ची, वाईचे डॉक्टर, म्हणजे आमचे आजोबा. दुसऱ्या आणि तिसऱ्या शिक्क्यांच्या मधे १ मे १९६० येऊन गेला. गाडीचा मालक एकदा बदलला तेवढ्यात खुद्द राज्यच बदललं. पहिल्या दोन शिक्क्यांवर मुंबई राज्य आहे आणि आजोबांच्या शिक्क्यावर महाराष्ट्र.

आणखी एक रकाना मला खटकला. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं नाव आरसी बुकात चढतं आणि कर्ज फिटलं की ते काढल्याचा शिक्का बसतो. आजोबांच्या नोंदीसमोर तो रकाना कोरा. म्हणजे रोखीने घेतली. आता १९६४ मधली एक सर्वश्रुत हकिकत आठवा. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली तेव्हा किंमत होती १२,००० रुपये. गाठीला ७,००० होते. उरलेले ५,००० पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. ताश्कंदला ते वारले तेव्हा कर्ज फिटायचंच होतं. पत्नी ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. 'डीएलई ६' नंबरची ती गाडी आजही दिल्लीच्या स्मारकात उभी आहे. देशाच्या पंतप्रधानाला जिथे कर्ज काढावं लागलं, तिथे आठ आणे फी घेणाऱ्या आणि निम्म्या पेशंटांकडून तीही न घेणाऱ्या वाईच्या डॉक्टराने रोख पैसे मोजून फियाट कशी आणली?

याचं उत्तर आरसी बुकात नव्हतं. ते नाना पेठेतल्या एका मिस्त्रीने दिलं.

गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणली होती. इंजिन कधीतरी बदललेलं निघालं. आरसी बुकात इंजिन क्रमांक खोडून बाजूला नवा लिहिलेला, त्यावर सही. पद्मिनीचं इंजिन, काकांच्या काळातलं. चेसिसचा क्रमांक मात्र जसाच्या तसा. मिस्त्रीने त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली आणि आकडे पांढऱ्या रेषांनी वर आले. हा ठसा आरटीओला लागतो. मग त्याने बॉनेटच्या कडेला पॉलिश पेपर भिजवून एक रुपयाएवढी जागा घासली. वरचा पांढरा गेला, खाली फिकट हिरवा आला, त्याखाली तपकिरी अस्तर, आणि सगळ्यात तळाशी चकचकीत काळा. "चार थर आहेत साहेब. हा काळा कंपनीचा." पेढीची काळी गाडी ती हीच.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "या आणि बघा." सीट उचकटून त्याने खालचा काथ्या फाडला होता. त्यातून पीठासारखी बारीक करडी माती गळत होती. दरवाज्याखालच्या पोकळ चौकटीतून तर त्याने तसल्याच मातीची वीतभर लांब वडी काढली, साच्यात घातल्यासारखी. मी म्हटलं, वाईचे रस्ते, कृष्णाकाठ, खेडोपाडी व्हिजिटा, चिखल असणारच. तो काही बोलला नाही. त्याने छताचं कापडी अस्तर खाली सोडलं आणि टॉर्च मारला. वरच्या पत्र्याला जोडलेल्या पट्ट्यांच्या खाचांमध्ये तीच करडी माती बसली होती. "रस्त्यातला चिखल छताला चढत नाही, साहेब. गाडी बुडालेली आहे."

पुण्यात गाडी बुडाली म्हटलं की दुसरी तारीख विचारायची गरज नसते. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कन जिमखाना असे नदीकाठचे सगळे भाग बुडाले. नारायण पेठेतल्या गाडीची नोंद मार्च १९६० ची आणि आजोबांची फेब्रुवारी १९६२ ची. मधे एक पावसाळा महत्त्वाचा.

नारायण पेठेतल्या पत्त्यावर वाडा नाही, पाच मजली इमारत आहे. पण तळमजल्यावर जुन्या भाडेकऱ्यांपैकी एक आजोबा राहतात, वय पंच्याऐंशीच्या पुढे. आधी ते माझ्याकडे संशयाने बघत होते, मी बिल्डरचा माणूस असेन म्हणून. आरसी बुकाची झेरॉक्स दाखवली तेव्हा चष्मा वर सरकवून म्हणाले, "हो हो, फियाट. काळी. पूर ओसरला तेव्हा ती वाड्याच्या चौकात तिरकी पडली होती, आत चिखल काठोकाठ. पोरं आम्ही बोटांनी तिच्यावर नावं लिहायचो." मग थोडं थांबून, "दिवाळी होऊन गेली तरी तिथेच होती. मालकांचं दुकान वाहून गेलं होतं हो. गाडीकडे बघतंय कोण." मालकांचं नाव मी इथे लिहीत नाही. पुरात सगळं गेलेल्या माणसाने गाडी स्वस्तात काढली, यात त्यांना कमीपणा नाही, पण ती गोष्ट सांगायचा हक्क त्यांच्या घरच्यांचा.

उरला होता किमतीचा प्रश्न. तो सुटला काकूंच्या माळ्यावर. आजोबा पेशंटांचा हिशोब सोडून बाकी सगळे हिशोब ठेवायचे. १९६२ ची लाल वही सापडली. फेब्रुवारीच्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात, "गाडी, पुणे: रु. १८००." मार्चपासून जूनपर्यंत "मिस्त्री", "टायर", "डायनमो", "रंग हिरवा", "गादी" असं तुकड्यातुकड्याने, बेरीज केली तर गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. नवी गाडी घ्यायला लागले असते त्याच्या चौथा हिस्साही खर्च न करता त्यांनी फियाट दारात उभी केली. जूनच्या शेवटी एक ओळ: "गाडी घरी आली." तोवर ती वाईला कुणी पाहिलीच नव्हती. वाईकरांनी पाहिली ती नव्या हिरव्या रंगाची, नव्या गाद्यांची, साताऱ्याच्या रस्त्याने येणारी गाडी. त्यांच्यासाठी ती नवीकोरीच होती.

मग आजोबा खोटं बोलले का? मला वाटतं, ते काही बोललेच नसावेत. लोकांनी समज करून घेतला, त्यांनी तो मोडला नाही. ते गप्प राहण्यात पटाईत होते. आणि घरातली आणखी एक गोष्ट मला याच शोधात कळली, ती आरसी बुकात कधीच येत नाही: आजोबांना गाडी चालवता येत नव्हती. त्यांचा कंपाउंडर चालवायचा. धोम, मेणवली, पाचवड, रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणींकडे तोच घेऊन जायचा. आरसी बुकात मालकाला जागा आहे, कर्ज देणाऱ्या बँकेला आहे, रंगाला आहे. चालवणाऱ्याला नाही. या गाडीचा सगळ्यात जास्त सहवास ज्याला लाभला, त्याच्या नावाची ओळ कुठल्याच पानावर नाही.

राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा माग काढणं सोपं. कलकत्त्यातल्या रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या हौशी इंग्रजाने १९१० मध्ये हंसाच्या आकाराची मोटार बांधून घेतली, ती पुढे नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आज हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. टप्प्याटप्प्याचं सगळं लिहून ठेवलेलं. रोल्सरॉइसच्या प्रत्येक चेसिसचं कार्ड इंग्लंडमध्ये जपून ठेवलंय. कुर्ल्याच्या फियाटचं असं कार्ड नाही. तिचा माग काढायचा तर आरसी बुक, विम्याच्या पावत्या आणि गाळ यांवर भागवावं लागतं. विम्याच्या पावत्यांचा एक उपयोग सांगून ठेवतो. १९७३ च्या आधी जनरल विमा खाजगी होता, शंभराहून जास्त कंपन्या. मग त्या सगळ्या सरकारी चार कंपन्यांत विलीन झाल्या. त्यामुळे तारीख फाटलेल्या पावतीवर एखादं बंद पडलेलं खाजगी नाव दिसलं की ती १९७३ पूर्वीची, हे नक्की.

गाडी आता माझ्या नावावर झाली. फॉर्म ३१, काकांचा मृत्यूदाखला, चुलत-आते भावंडांची स्टँपपेपरवर संमती आणि तो पेन्सिलीचा ठसा, एवढ्यावर काम होतं, पण भावंडं चार शहरांत असली की सह्यांना चार महिने लागतात. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आले. नव्याने नोंदवल्या तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मी 'बीएम' ठेवलाय. रोजच्या वापराला ती चालवायची नाही, ही अटही मान्य आहे. चालवून कुठे जाणार म्हणा.

आरसी बुकातल्या पाच नावांपैकी चार आता ओळखीची झाली: नारायण पेठ, आजोबा, काका, मी. राहिली ती पहिली, फोर्टातली पेढी. तिच्या पत्त्यावर आज दुसरंच ऑफिस आहे आणि तिथल्या कुणाला १९५७ आठवत नाही. तुमच्या घरच्या जुन्या अल्बमात हॉर्निमन सर्कलजवळ किंवा मरीन ड्राइव्हवर उभी असलेली, उलट्या दारांची, काळी डुक्कर फियाट असेल, तर नंबर प्लेट एकदा भिंगाने बघा. 'बीएम' असेल आणि मागच्या डाव्या मडगार्डवर चपटा पोचा दिसत असेल, तर या मासिकाकडे दोन ओळी लिहा. तो पोचा अजून तसाच आहे. मिस्त्रीला मी काढू दिलेला नाही.