विजेची गाडी आणि भिंतीवरची पेटी



नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर हें तालुक्याचें गांव आहे. हा सारा टापू केळीच्या बागांसाठीं प्रसिद्ध. या बागांतून हिंडणाऱ्यास विहिरीजवळ खांबाला बसविलेली लोखंडी पेटी हटकून दिसते. तिच्यांत पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर असतो. बेताच्या ऐपतीचा शेतकरीसुद्धां घरांतील दिव्याच्या बोर्डावरून ही मोटार चालवीत नाहीं. मोटार तासन् तास चालावयाची, वर पाऊस पडावयाचा, आणि रात्रीं ओल्या पायांनीं खटका ओढावा लागावयाचा, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. परंतु त्याच्याच अंगणांत आज विजेची गाडी येऊन उभी राहिली, म्हणजे ती चार्ज करण्यासाठीं तो घरांतला जवळांत जवळचा बोर्ड शोधूं लागतो. वायरमन विचारतो, "पेटी कोणती बसवूं?" आणि उत्तर मिळतें, "कोणतीहि बसवा."

हें उत्तर मीं स्वतः दिलेलें आहे. माझ्या मुलानें गाडी घेतली, तेव्हां ओसरीवरचा जुना बोर्ड तिच्या सेवेस लाविला. कांहीं दिवसांनीं एका रात्रीं नात धांवत आली व म्हणाली, "आजोबा, बोर्डाला हात लावून पाहा, किती तापलाय!" पिन काढली, तों सॉकेटची कड तपकिरी होऊन वांकलेली. पोर जागी होती म्हणून निभावलें. दोष वायरमनचा नव्हता. "कोणतीहि" म्हणणारा मी होतों. त्यानंतर या विषयाचा मागोवा घेऊं लागलों, आणि असें दिसून आलें कीं, ज्या प्रश्नाकडे आपण दुर्लक्ष करतों, त्याचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच्या लोकांनीं नीट शोधून ठेविलें होतें.

विजेची गाडी ही आजची नवलाई नव्हे. १८९९ सालीं कामीय झेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विजेच्या गाडींतूनच. हेन्री फोर्ड हा पेट्रोलच्या गाड्यांचा जगप्रसिद्ध कारखानदार. परंतु त्याची पत्नी क्लारा १९१४ सालची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' गाडी वापरीत असे. अशा गाड्या घरच्या गाडीखान्यांतच रात्रीं चार्ज होत. जेथें घरीं येणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे दिशा बदलणारी, तेथें ती बॅटरीसाठीं एका दिशेची करून घ्यावी लागे. १९०२ सालीं पीटर कूपर ह्युइट यानें पाऱ्याच्या वाफेवर चालणारें असें एक यंत्र शोधून काढलें. हें यंत्र आणि त्याचे खटके बसविण्यासाठीं त्या काळचे कारागीर पाटीच्या दगडाची किंवा संगमरवराची फळी वापरीत. ज्या दगडावर आपल्या पिढीनें मुळाक्षरें गिरविलीं, त्याच जातीचा हा दगड. निवडीचें कारण सरळ होतें: दगड पेट घेत नाहीं, आणि विजेला वाट देत नाहीं. पुढें पेट्रोल स्वस्त झालें, मोटार सुरू करण्याचा त्रास संपला, विजेच्या गाड्या मागें पडल्या, आणि त्यांच्याबरोबर घरच्या चार्जिंगचें हें शहाणपणहि विस्मृतींत गेलें.

आपल्या घरांत वीज आली ती निराळ्या वाटेनें. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवटींतून मुक्त झाला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य व राज्याचें वीज मंडळ अस्तित्वांत आल्यावर येथील खेड्यापाड्यांत तारा पोहोंचूं लागल्या. आमच्या भागांतील जुनीं घरें माळवदाचीं, म्हणजे लाकडी खांब व तुळया यांवर मातीचें सपाट छत असलेलीं. तेथें वायरमननें लांकडाच्या पट्टींतून तारा नेल्या आणि लाकडी बोर्डावर बटनें बसविलीं. त्यांत त्याची चूक नव्हती. साठ वॅटचा दिवा पाव अँपिअर वीज घेतो. एवढ्यानें लाकूड कोमटहि होत नाहीं. पुढें इस्त्री आली. ती चार-पांच अँपिअर घेते. पण कपडे झाले कीं पिन निघते, आणि बोर्डाला निवावयास अवसर मिळतो.

मोठ्या भारासाठीं तीन गोल पिनांचें सॉकेट आपण ब्रिटिशांकडून घेतलें. त्यांचें तें मानक १९३४ सालचें. १९४७ सालीं ब्रिटननें चौकोनी पिनांचें नवें मानक काढलें. आपण मात्र गोल पिनाच ठेविल्या. त्यांतील वरची पिन लांब व जाड असते. पिन खोंचतांना अर्थिंग सर्वांआधीं जोडलें जावें आणि काढतांना सर्वांशेवटीं सुटावें, अशी ही योजना आहे. २००१ सालीं बंगळूरची 'रेवा' ही छोटी विजेची गाडी आली, ती याच पंधरा अँपिअरच्या सॉकेटावर चार्ज होई. २०२० सालीं आलेली टाटांची 'नेक्सॉन' हीसुद्धां या सॉकेटावर चार्ज करतां येते. यावरून सामान्य मनुष्याची समजूत झाली कीं, पिन बसली म्हणजे काम झालें.

येथेंच मुख्य मुद्दा आहे. पिन तीच, पण वेळ निराळी. त्या नेक्सॉनची बॅटरी सुमारें ३० युनिटांची. पंधरा अँपिअरच्या सॉकेटावरून तासाला तीन-साडेतीन युनिटें मिळतात. म्हणजे पूर्ण रिकामी बॅटरी भरण्यास आठ-दहा तास लागावयाचे. विजेची उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा नियम जूलनें १८४१ सालीं मांडला. सॉकेटांतील पकड सैल होऊन तेथें ओहमचा विसावा भाग एवढाच अडथळा उत्पन्न झाला, तरी पंधरा अँपिअरला अकरा वॅट उष्णता निघते. इस्त्रीच्या चार अँपिअरला तेथेंच एक वॅटहि निघत नाहीं. हे अकरा वॅट लहानशा बंद डब्यांत रात्रभर सांचत राहिले, म्हणजे डबा वांकतो, पकड आणखी सैल होते, आणि उष्णता आणखी वाढते. तात्पर्य, गाडी ही इस्त्रीची बहीण नव्हे. ती विहिरीवरच्या मोटारीची बहीण आहे.

तर मग पेटी कोणती घ्यावी? आपल्या मानक संस्थेनें लोखंडी व बिडाच्या पेट्यांसाठीं १९६९ सालींच मानक केलें. घरगुती उपकरणांच्या सर्व पेट्यांसाठीं आय.एस. १४७७२ हें मानक २००० सालीं झालें. खरेदी करतांना मानकाचा क्रमांक पाहावा. लाकडी बोर्ड किंवा त्यामागील लाकडी खोकें मुळींच नको. लोखंडी पेटी जळत नाहीं, पण अर्थिंग नसेल तर तीच शॉक देते. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व कोरडी पडते, तेव्हां अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी घालीत जावें, आणि त्याची तपासणी पावसाळ्यांत न करतां वैशाखांत करावी. अर्थिंगची खात्री नसेल तेथें आग न धरणाऱ्या जाड प्लास्टिकची पेटी बरी. मात्र गाडीला अर्थिंग लागतेंच, तेव्हां तेंहि आधीं दुरुस्त करून घ्यावें.

पेटी उघड्यावर असेल तर तिच्यावर आयपी ५५ किंवा आयपी ६५ असा अंक पाहावा. पहिला आंकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पण पिन लाविल्यावर झांकण लागत नसेल तर हा अंक व्यर्थ आहे; म्हणून खोल पेटी घ्यावी. तार खालून, रबरी ग्लँडमधून आंत यावी, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून ओघळून पेटींत शिरत नाहीं. जाड तारा न चेंगरतां वळतील एवढी जागा आंत असावी. सॉकेट साध्या घडणीचें न घेतां कारखान्यांत वापरतात तसें मजबूत पकडीचें घेतल्यास उत्तम; गाडीची पिन त्याला जुळते कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

पेटीपर्यंतची तार मीटरपासून स्वतंत्र असावी. सोळा अँपिअरला चार चौरस मिलिमीटर तांबें, आणि बत्तीस अँपिअरला सहा. तिच्यावर स्वतंत्र एम.सी.बी. बसवावा, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारा, वायरमन ज्याला आर.सी.सी.बी. म्हणतात, तो खटकाहि बसवावा. घराचा मंजूर भार पुरतो कीं नाहीं, हें वीज कंपनीकडे विचारून घ्यावें.

आमच्या ओसरीवर आतां अशी पेटी बसली आहे. गाडीच्या किंमतीपुढें तिचा खर्च नगण्य. तरीहि नात रोज निजण्यापूर्वीं तिच्यावर हात ठेवून पाहते. ती थंड लागली म्हणजे मलाहि स्वस्थ झोंप लागते.