हातरिक्षा, माथेरानची
रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानी पर्यटकांसाठी वापरात आलेले, माणसांनी पुढून ओढावयाचे व मागून ढकलावयाचे वाहन. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे स्थळ प्रकाशात आणले. १९०७ मध्ये नेरळहून लोहमार्ग झाला. मोटारींना मज्जाव असल्याने येथील हवा निर्मळ राहिली. तथापि तिचे मोल चढणीवर रिक्षा ओढणाऱ्यांनी श्रमाने चुकविले, हे प्रवासवर्णनांत क्वचितच येते. विजेवरील रिक्षांची मागणी या श्रमिकांनीच केली; घोडेवाल्यांचा, उपजीविकेच्या भयाने, तीस विरोध होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. पुनर्वसनासाठी निधी नाही, ही सबब न्यायालयाने आधीच अमान्य केली.