दंगलीत होतं कोण? डेट्रॉइट १९६७ आणि छेदाचा प्रश्न

सिनॉप्सिस लिहिताना तुम्ही 'कारणे' हा शब्द फार सहज वापरता. 'अमुक दंगलीची कारणे : एक अभ्यास.' पण त्याच्या आधीचा प्रश्न बऱ्याचदा राहूनच जातो : दंगलीत नेमकं होतं कोण?

२३ जुलै १९६७, रविवारची पहाट. डेट्रॉइटमध्ये ट्वेल्थ स्ट्रीटवरच्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी धाड टाकली. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी तिथे पार्टी चालू होती. आतल्या ऐंशीहून अधिक लोकांना सरसकट अटक झाली, बाहेर गर्दी जमली आणि भडका उडाला. एकूण ४३ माणसं मेली, त्यातली ३३ कृष्णवर्णीय. अटका सात हजारांच्या वर. नॅशनल गार्ड पुरेना, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लष्कर पाठवलं.

त्या काळी दोन स्पष्टीकरणं तयारच होती. एक, हे शिक्षण अर्धवट सोडलेले, ओवाळून टाकलेले लोक. दुसरं, दक्षिणेतल्या खेड्यांतून आलेल्यांना शहर मानवत नाही. दोन्ही सोयीची, कारण मग पोलिसांकडे किंवा घरांच्या धोरणाकडे बघायला नको.

१९६५ च्या वॉट्स दंगलीनंतर मॅकोन आयोगाने सांगितलं होतं की लॉस एंजेलिस काउंटीतले जेमतेम २ टक्के कृष्णवर्णीय सामील होते. पुढे तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासात आकडा आला १५ टक्क्यांपर्यंत. एवढा फरक कसा? छेद बघा. आयोगाने अख्ख्या काउंटीतली लहान मुलं, म्हातारे, लांब राहणारे, सगळे धरले. अभ्यासकांनी फक्त संचारबंदीच्या भागातले प्रौढ घेतले. गणित दोघांचंही बरोबर असू शकतं, पण निघणारा अर्थ अगदी उलटा!

डेट्रॉइटमध्ये फिलिप मेयर या पत्रकाराने सामाजिक शास्त्रज्ञांना सोबत घेऊन दंगल शमल्यावर लगेच सर्वेक्षण केलं. अटकेच्या याद्यांवर विसंबायचं नाही, कारण पोलिसांच्या हाती कोण लागला तेवढंच त्यातून कळतं. दंगलग्रस्त भागातून नमुना निवडला, ४३७ मुलाखती घेतल्या. मुलाखतकार कृष्णवर्णीयच होते, आणि हा तपशील शोभेचा नाही : गोऱ्या माणसाने दार वाजवून 'तुम्ही दुकान फोडलंत का?' विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं?

साधारण ११ टक्के लोकांनी सहभाग कबूल केला. आणि ती दोन्ही स्पष्टीकरणं कोसळली. कॉलेजात गेलेल्यांचं प्रमाण शाळा सोडलेल्यांइतकंच निघालं. दक्षिणेतून आलेल्यांपेक्षा उत्तरेतच वाढलेल्यांचा सहभाग कितीतरी जास्त होता. म्हणजे शहर न समजलेले नव्हे, तर शहर पुरेपूर ओळखणारे रस्त्यावर होते. (स्वतः दिलेली माहिती आहे, काहींनी लपवलंच असणार. ही मर्यादा तुमच्याही प्रबंधात स्पष्ट लिहा, व्हायव्हात लपत नाही.)

मग 'ज्या शहरात बेकारी जास्त तिथे दंगल' हे तरी खरं का? मी एम.एस्सी. करून इकडे आले, त्यामुळे सीमोर स्पिलरमन यांचा १९७० चा पेपर मला फार आवडतो. १९६० च्या दशकातल्या शहरांची आकडेवारी त्यांनी तपासली. बेकारी, उत्पन्न, शिक्षण यांचा दंगलीशी संबंध वरवर दिसतो, पण शहरातल्या कृष्णवर्णीयांची संख्या आणि दक्षिण की बिगर-दक्षिण हे कंट्रोल केलं की स्थानिक परिस्थितीचं योगदान जवळपास उरत नाही. लगेच 'म्हणजे गरिबीचा संबंध नाही' असं लिहू नका. त्यांचा मुद्दा असा की संताप देशभर पसरलेला होता, टीव्हीमुळे तर आणखीच. कारण सगळीकडे सारखं असेल तर शहराशहरांतल्या फरकात ते दिसणारच नाही. उद्या तुम्ही जिल्हानिहाय तुलना कराल तेव्हा हे आधी तपासा.

आणि अशा निष्कर्षांचं पुढे काय होतं? जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये गोऱ्या समाजाच्या वंशवादावर स्पष्ट बोट ठेवलं. पण आयोगाच्याच शास्त्रज्ञांनी १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये दिलेला मसुदा त्याहून परखड होता. तो बाजूला ठेवला गेला. पुस्तकरूपाने छापून आला थेट २०१८ साली.