लँकेशायर आणि गिरणगाव : एका तुलनेची मर्यादा

लँकेशायरचा कामगार गावाशी नाते तोडून शहरात स्थिरावला. परळ-लालबागचा कामगार मात्र मनाने रत्नागिरी-साताऱ्याचा शेतकरीच राहिला व म्हणून त्याची संघटना कच्ची राहिली, असे मत पुष्कळदा मांडले जाते. ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाची आवक रोडावली. त्यायोगे मुंबईत पैशाचा पूर आला. लँकेशायरमध्ये मात्र गिरण्या बंद पडून लाखो माणसे दानधर्मावर व सरकारी मदतीवर आली. त्यांना परतण्यास शेत नव्हते. (गाव तुटणे हीच प्रगती मानावयाची, तर तिची ही किंमतही हिशेबात धरली पाहिजे.) उलट १९२८ चा मुंबईतील संप सुमारे सहा महिने टिकला, तो पुष्कळ कामगार कोकणात निघून गेल्यामुळे. गावाचे नाते हे लढ्याचे बळ होते, ही राजनारायण चंदावरकर यांची मीमांसा आम्हांस ग्राह्य वाटते.

तथापि या बळाचा भार कोणी वाहिला? लँकेशायरची विणकर स्त्री स्वतः मजुरी मिळवीत होती. इकडे लालबागच्या गाळ्यात पुरुष दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत; गावची भातखाचरे, मुले व म्हातारी माणसे घरची स्त्री सांभाळी. मनीऑर्डर थांबली की तिचे कष्ट वाढत. संपाच्या इतिहासात तिचा उल्लेख क्वचितच येतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातही असंख्य कामगार गावी गेले. त्यांपैकी अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही.